दिलेली साक्ष

कोराडीहून नागपुरात बर्डीला जाणाऱ्या बसमध्ये, दुपारी तीनच्या सुमारास, वसंतरावांना स्वतःचा आवाज ऐकू आला. पहिल्यांदा तो त्यांना ओळखूच आला नाही. पुढच्या बाकावरच्या बाईने मांडीवर फोन ठेवला होता, त्यातून कोणी गृहस्थ मोठ्याने काही सांगत होते, आणि वसंतराव मनातल्या मनात म्हणत होते की काय हा माणूस तोलूनमापून बोलतो, प्रत्येक वाक्यानंतर थांबतो, समोरच्यांनी मान डोलावल्याशिवाय पुढे सरकतच नाही. मग त्या गृहस्थांनी 'माझी पत्नी रोशनी' असे म्हटले आणि वसंतरावांना तो आवाज ओळखू आला. त्यांनी खिडकीची दांडी घट्ट धरली. बाहेर कोळशाच्या ट्रकांची रांग उभी होती, रस्त्याकडेच्या झाडांवर नेहमीची राख होती, मार्चचे ऊन होते, सगळे रोजचेच होते. फक्त दोन वर्षांपूर्वीचे वसंतराव पुढच्या बाकावरून सांगत होते की गाठ नाही, डॉक्टरांनी स्वतः तपासून सांगितले, गाठ राहिली नाही, प्रभूने माझ्या पत्नीला बरे केले. त्यापाठोपाठ शंभर-सव्वाशे माणसांचे 'आमेन' आले, फोनच्या एवढ्याशा भोकातून चेपून आले. बाईने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवातीपासून लावले.

रोशनीला जाऊन चौदा महिने झाले होते.

वसंतराव वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत बॉयलरच्या पाण्याची तपासणी करत. एकतीस वर्षे तेच काम. नमुना घ्यायचा, यंत्राला लावायचा, जो आकडा दिसेल तो लिहायचा. साहेबाला आवडो न आवडो, आकडा बदलायचा नाही. एकदा एका मोठ्या साहेबांनी दशांशचिन्हाच्या पुढचे जरा सांभाळून घ्या असे सुचवले होते, तेव्हा वसंतरावांनी आपले पेन त्यांच्यापुढे धरले होते: तुम्हीच लिहा आणि खाली सहीही करा. हा किस्सा त्यांनी रोशनीला इतक्या वेळा सांगितला होता की भाजी चिरता चिरता शेवटचे वाक्य तीच म्हणून टाकायची. आणि असा हा बाणेदार माणूस एका रविवारी चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याने अर्धाच अहवाल वाचला. अर्धा अहवाल खोटा नसतो, हीच तर त्यातली मेख होती. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्षी होत. उपासना संपली की पाळकसाहेब विचारत, कोणाला साक्ष द्यायची आहे का, आणि ज्याच्यावर प्रभूने काही कृपा केली असेल तो उठून चार माणसांसमोर सांगे. कोणाच्या नातवाचा ताप उतरलेला असे, कोणाची गडचिरोलीला झालेली बदली रद्द झालेली असे, एक आजी तर दर महिन्याला हरवलेली एकच चावी सापडल्याचे सांगत. वसंतराव जन्मापासून त्या मंडळीत, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील चर्चचे खजिनदार. पण ते स्वतः कधी साक्षीला उठले नव्हते. सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते. त्यांच्याकडे काम होते आठवड्याच्या सूचना वाचण्याचे, आणि सूचना वाचताना मंडळी काय करते ते त्यांना वर्षानुवर्षे समोरून दिसत असे. चपला शोधते, मुलांच्या टोप्या नीट करते, दुपारच्या मटणाचा विचार करते. त्या रविवारी ते उठले आणि पहिल्याच वाक्याला सगळे चर्च चिडीचूप झाले. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायका रडू लागल्या. कोणीतरी फोन उंच धरला. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात आपल्या तोंडाकडे इतक्या माणसांनी एकाच वेळी कधी पाहिले नव्हते, ही गोष्ट वसंतरावांना बोलता बोलता कळली आणि ती त्यांना आवडली. फार आवडली. डॉक्टर म्हणाले होते की गाठ दिसत नाही, पण यकृतापाशी एक बारीक सावली आहे, ती काय आहे हे आज सांगता येणार नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू. पहिले वाक्य सांगून झाले, आमेन झाले, आणि दुसऱ्या वाक्यासाठी वसंतरावांनी तोंड उघडले तेव्हा समोरच्या त्या ओल्या चेहऱ्यांकडे पाहून ते त्यांनी गिळले. रोशनी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती. ती त्यांच्याकडे पाहत होती, ती सावली तिलाही ठाऊक होती, आणि ती किंचित हसली. नवऱ्याचा सत्कार होत असताना बायको हसते तशी.

बसमध्ये कोणीतरी ओरडले की ओ बाई, आवाज कमी करा, इथे सगळे तुमच्या घरचे नाहीत. ती बाई ओशाळली. पन्नाशीची, काटक, हातावर गोंदण, पायाशी डब्याची पिशवी. मागे वळून ती वसंतरावांनाच म्हणाली, कारण ते जवळ होते आणि चेहऱ्याने गरीब दिसत होते:

"माफ करजा भाऊ. त्या कानातल्या वायरी मले लावता येत नाही."

वसंतरावांनी विचारले, कोणाची साक्ष आहे ही. विचारताना आवाज मुद्दाम बारीक केला, आणि आपण आवाज लपवतो आहोत हे लक्षात येऊन त्यांचे कान तापले. पण तिला काही कळण्यासारखे नव्हते. फोनमधला माणूस भरघोस होता आणि मागच्या बाकावरचा माणूस वाळून गेला होता. तिने भरभरून सांगितले. तिचे नाव सिंधूताई. रामटेकपासून आत एका गावात धानाची शेती, नवरा रुपराव, त्याला पोटात तशीच गाठ, महिन्यापासून मेडिकलला, सरकारी दवाखान्यात, भरती. कोराडीच्या कॉलनीत भाचीचे क्वार्टर आहे, तिथे राहून ती रोज डबा घेऊन जाते. रामटेकला तिची बहीण प्रार्थनेला जाते, तिने ही साक्ष पाठवली. कोण भाऊ आहे माहीत नाही, नागपूरचाच आहे म्हणतात, त्याच्या बाईलाही हेच झाले होते आणि ती पुरी बरी झाली. बहिणीच्या सांगण्यावरून सिंधूताईही आता प्रार्थना करते, नीट येत नाही, पण करते. दिवसातून दहादा हे ऐकते आणि संध्याकाळी रुपरावांनाही ऐकवते. डॉक्टरांनी परवा बाजूला घेऊन काहीबाही सांगितले, ते तिने एका कानाने ऐकले आणि सोडून दिले.

मानकापूरचा थांबा आला. वसंतरावांना तिथे उतरून ऑटोने जरीपटक्याला जायचे होते; रोशनी गेल्यावर तिथल्या बाजाराच्या मागे दोन खोल्या घेतल्या होत्या, त्या गल्लीत त्यांना ओळखणारे कोणी नव्हते म्हणूनच घेतल्या होत्या. कंडक्टरने नाव पुकारले, माणसे उतरली, चढली. वसंतराव उठले नाहीत. उठलो की झाले, ही बाई पुन्हा कधी दिसणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते, आणि म्हणूनच उठता येत नव्हते. बस सुटली. आता सांगायला हवे, सदर यायच्या आत सांगू, असे त्यांनी ठरवले. सदर आले आणि गेले. त्यांच्या चर्चचा मनोरा झाडांमागे दिसला न दिसला तेवढ्यात त्यांनी मान दुसरीकडे वळवली, ही चौदा महिन्यांची सवय.

साक्षीनंतर काय झाले ते वसंतराव रोज आठवत, पण क्रमाने आठवत नसत. क्रमाने आठवले की त्यात त्यांचा हात दिसत असे. आज तो आवाज कानात पडल्यापासून सगळे क्रमानेच येत होते. त्या रविवारी संध्याकाळपर्यंत साक्ष फोनवरच्या प्रार्थना-साखळीच्या गटांवर फिरली. पुढच्या आठवड्यात कामठीहून बोलावणे आले, मग हिंगण्याहून, मग एका घरगुती सभेतून. वसंतराव इस्त्रीचा सदरा घालून जात. तीनदा सांगून झाल्यावर ती सावली त्यांना स्वतःलाही आठवेनाशी झाली. ते स्वतःच आपल्या साक्षीवर विश्वास ठेवू लागले. सहा आठवडे झाले तो दिवस नेमका एका सभेच्या दिवशी आला. पुढच्या आठवड्यात जाऊ, ते म्हणाले. रोशनी म्हणाली, जाऊ. पुढच्याच्या पुढच्या आठवड्यातही ती जाऊच म्हणाली. ती रोज उठत होती, डबा देत होती, रविवारी फिक्या निळ्या साडीत त्यांच्याबरोबर चर्चला येत होती, बायका तिच्या अंगाला हात लावून बघत, कशी आहेस विचारत, आणि ती सगळ्यांना सांगे की अगदी बरी आहे. घरी मात्र ती बसायची तेव्हा आधी भिंतीला टेकायची. वसंतरावांनी ते पाहिले होते. पाहिले नव्हते असे म्हणायची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती. त्यांनी एकदाच विचारले, आणि तेही असे विचारले की उत्तर ठरलेले असावे: काही त्रास नाही ना? दहाव्या आठवड्यात बटणांच्या डब्यात दुखण्याच्या गोळ्यांची चार रिकामी पाने सापडली. तेव्हा त्यांनी तिला रागावून विचारले, हो, रागावून, की हे लपवलेस कशाला. रोशनी पलंगाच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, "तुमची साक्ष होऊन गेली होती ना. आता मी कसं सांगू?"

या वाक्यापुढे त्यांचे कुठलेही म्हणणे टिकत नव्हते. डॉक्टरांनी नंतर सांगितले होते की तुम्ही चार आठवडे आधी आला असता तरी कदाचित फरक पडला नसता. त्या 'कदाचित'ला वसंतराव काही दिवस लोंबकळून राहिले. पण प्रश्न ती जगली असती की नाही हा नव्हताच. प्रश्न हा होता की तिला एक महिना दुखत होते आणि घरात नवरा असून ती एकटी होती. पुढे तिच्या अंत्यविधीला सगळी मंडळी आली. कोणी साक्षीचा उल्लेख केला नाही, चुकूनसुद्धा नाही, इतका चांगुलपणा वसंतरावांना सहन झाला नाही. आधी ते देवावर संतापले: मी तुझे नाव मोठे केले आणि तू मला सगळ्यांदेखत तोंडघशी पाडलेस. हा संताप दोन-तीन महिने पुरला. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या ध्यानात आले की देवाचे नाव आपण मोठे केलेच नव्हते. त्या दिवसापासून नुसती लाज उरली. पाळकसाहेब दोनदा भेटायला आले, दोन्ही वेळा वसंतरावांनी दार उघडले नाही आणि नंतर ड्यूटी होती म्हणून निरोप पाठवला. रविवारची ड्यूटी ते मागून घेत. प्रार्थना करायची झाली तर पहिला शब्द उच्चारायच्या आधीच त्यांना आपला तो तोलूनमापून बोलणारा आवाज आठवे आणि किळस येई.

बर्डीला दोघेही उतरले. सिंधूताईला मेडिकलच्या बसची जागा रोज नव्याने शोधावी लागे. वसंतराव म्हणाले, मी त्याच बाजूला चाललो आहे, चला. खोटे बोलायला हल्ली त्यांना विचार करावा लागत नसे. त्या बसमध्येही बोलणे झाले नाही. तिने तिकीट काढले तेव्हा फोन त्यांच्याकडे धरायला दिला होता. त्यावर त्या साक्षीची लांबट पट्टी दिसत होती: चार मिनिटे अकरा सेकंद. एवढ्यात ते दुसरे वाक्य सहज बसले असते, असे त्यांना वाटले.

दवाखान्याच्या फाटकातून आत गेल्यावर कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक होता. भेटीची वेळ व्हायला दहा मिनिटे होती. सिंधूताई बसली, तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीने फोनवर बोट ठेवले. तेव्हा मात्र वसंतराव म्हणाले की ताई, ते लावू नका, तो आवाज माझा आहे.

तिने आधी फोनकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. आणि तिचा चेहरा जो उजळला तो पाहून वसंतरावांना वाटले, यापेक्षा तिने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते. तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. रोज ज्याला ऐकते तो भाऊ देवाने माझ्या मागच्या बाकावर आणून बसवला, असे ती म्हणत होती, चला, आताच्या आता वर चला, यांच्या अंगावर हात ठेवा. बाईला घेऊन या एक दिवस, मला त्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे. वसंतरावांनी हात सोडवून घेतला नाही, कारण सोडवला असता तर पुढचे बोलता आले नसते. त्यांनी सगळे सांगितले. ती गेली, हे आधी सांगितले. मग सावलीचे, मग सहा आठवड्यांचे दहा कसे झाले ते, मग गोळ्यांचे. सांगताना आवाज तोलूनमापून येत नव्हता, मधेच तुटत होता, एक-दोन गोष्टी मागेपुढेही झाल्या. सिंधूताईने केव्हा हात काढून घेतला ते त्यांना कळलेच नाही. आजूबाजूने माणसे डबे, चादरी, क्ष-किरणांचे मोठे लिफाफे घेऊन जात होती.

"मंग तसं काहून सांगतलं?" तिने विचारले.

इतक्या दिवसांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी स्वतःला विचारले होते, पण स्वतःला दिलेली उत्तरे लांबलचक होती, त्यात विश्वास होता, मंडळीची उभारी होती, प्रभूचा गौरव होता.

"लोक ऐकून राहिले होते," वसंतराव म्हणाले. "म्हणून."

ती रागावेल, शिव्या देईल, निघून जाईल, यातल्या कशालाही ते तयार होते. ती उठली, पदर खोचला आणि अगदी हलक्या आवाजात नवऱ्याविषयी म्हणाली, "यायले नका सांगू भाऊ. यायचा जीव त्याच्यावरच आहे." मग तिने विनवले की वर चला, त्यांना फक्त भेटा, साक्षवाले भाऊ तुम्हीच म्हणून सांगते, तेवढ्याने त्यांना चार दिवस बळ येईल. बाईचे विचारलेच तर बरी आहे म्हणा. वसंतराव तिच्यामागून जिना चढू लागले. देवाने आपल्याला दुसरी संधी दिली म्हणावे, तर ती पुन्हा तेच खोटे बोलण्याची होती, आणि या खेपेला ते दयेपोटी बोलायचे होते. नकोही म्हणवत नव्हते. तिच्याकडून आपणच ती आशा काढून घेतली, आता तिच्या नवऱ्याकडूनही काढून घ्यायची तर कोणत्या तोंडाने घ्यायची?

रुपराव खिडकीशेजारच्या खाटेवर होता. मूळचा दणकट असावा, आता खांदे सदऱ्यात नुसते टांगल्यासारखे दिसत होते. बायको दारात दिसताच, तिने काही विचारायच्या आत, तो म्हणाला की आज लयच बरं आहे, सकाळी चहा घेतला, दोन चकरा मारल्या. सिंधूताई मागे वळून वसंतरावांकडे विजयाने पाहत होती. हेच ते साक्षवाले भाऊ, तिने सांगितले. रुपरावने हात जोडले, हसला, बाई बऱ्या आहेत ना विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा म्हणाला की मीही आता बराच आहे. सिंधूताई डबा ठेवून पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली. ती दारातून दिसेनाशी झाली आणि रुपरावचा चेहरा उतरला. उतरला म्हणजे, इतका वेळ हातांनी धरून ठेवलेले काही त्याने खाली ठेवले. त्याने डोळे मिटले आणि तोंडाने श्वास घेऊ लागला.

हे वसंतरावांना कोणी सांगायला नको होते, आणि दुसऱ्या कोणाला ते ओळखताही आले नसते. ते खाटेजवळ वाकले आणि त्यांनी विचारले, या वेळी उत्तर न ठरवता विचारले, की दुखते का.

रुपरावने डोळे उघडले, दाराकडे पाहिले. "तिले नका सांगू भाऊ," तो म्हणाला. "तिचा जीव त्याच्यावरच आहे."

दुखायला लागून पंधरा दिवस झाले होते. रात्री पाळीवरची सिस्टर गोळी देते, ती पुरत नाही, जास्त मागितली तर सकाळी बायकोला कळेल, आणि मग तिची प्रार्थना खोटी पडेल. ती इतक्या भरवशाने येते रोज. हे सगळे त्याने तुटक तुटक सांगितले. वसंतराव ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे भिंतीला टेकून बसणारी रोशनी होती, ती कशी एकटी होती ते आता त्यांना आतून दिसत होते. लहानपणापासून गुड फ्रायडेला ते तीन तास चर्चमध्ये बसत आले होते, दरवर्षी तीच कथा, दरवर्षी त्याच जागी डुलकी. आता या खाटेशी उभे असताना त्यांना वाटले की प्रभूने तर काहीच लपवले नव्हते. तो वधस्तंभावर मोठ्याने ओरडला होता, बापाने आपल्याला टाकले असे सगळ्यांदेखत ओरडला होता. बापाची अब्रू राखायला आपले दुखणे त्याने झाकून ठेवले नव्हते. मग ही अब्रू राखण्याची कामगिरी आपल्याला कोणी दिली होती? हे त्यांना इतक्या उशिरा सुचले याचीही त्यांना लाज वाटली. पण ही लाज निराळी होती, हिच्यात हलायला जागा होती.

सिंधूताई बाटली घेऊन आली. दोघांनीही आपल्याला एकमेकांना खरे न सांगण्याची गळ घातली आहे आणि दोघेही आपल्याकडे विश्वासाने पाहत आहेत, हे वसंतरावांना दिसत होते. आता तोंड उघडले तर ही दोन्ही माणसे आपला द्वेष करतील, असेही वाटून गेले. त्यांनी स्टूल ओढले, तिला बसा म्हटले, आणि रुपरावकडे तोंड करून सांगितले: "माझी बायको गेली, रुपराव. चौदा महिने झाले. तिला दुखत होतं आणि ती मला सांगत नव्हती, कारण मी सगळ्यांना सांगून बसलो होतो की ती बरी झाली."

सिंधूताई अर्धवट उठली. तिने वसंतरावांकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर त्यांनी चुकवली नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून ऐकू लागला. रुपराव छताकडे पाहत होता. मग त्याने हात लांब केला आणि बायकोचे मनगट धरले.

"मलेबी दुखते वं, सिंधू," तो म्हणाला. "लय दुखते."

ती रडली नाही आधी. तिने आधी विचारले की कधीपासून, आणि पंधरा दिवस ऐकल्यावर कपाळावर हात मारून घेतला. मग ती धावत सिस्टरला बोलावून आली. सिस्टरने कागद पाहिला, डॉक्टरांना फोन केला, इंजेक्शन दिले, आणि आधी सांगायला काय झाले होते म्हणून दोघांनाही बोलली. मग सिंधूताई खाटेवर चढून बसली, त्याला कुशीवर वळवले आणि त्याची पाठ चोळू लागली. आता ती रडत होती आणि चोळत होती, आणि मधूनमधून त्याला वेडा म्हणत होती. तो हूं हूं करत होता. त्या दोघांच्या मधे आता कोणी नव्हते, काही सांभाळून ठेवायचे नव्हते. वसंतराव निघायला वळले. त्यांचे तिथे काही काम उरले नव्हते असे त्यांना वाटले.

"कुठं चालले?" सिंधूताई त्यांच्याकडे न पाहताच म्हणाली. "प्रार्थना करा आधी."

त्यांनी सांगितले की मला आता येत नाही, रोशनी गेल्यापासून केलेली नाही. ती म्हणाली, "मले तरी कुठं येते. येते तशी करा."

वसंतराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या पाठ असलेली ती सुरुवात, हे कृपावंत स्वर्गीय पित्या, ओठांपर्यंत आली आणि त्यांनी ती येऊ दिली नाही, कारण तिच्यामागोमाग तो जुना आवाज आला असता. वॉर्डात भांड्यांचा आवाज होत होता, कोणाचे मूल किरकिरत होते. शरमेने मान खाली गेली होती, ती काही त्यांना वर करता आली नाही, तशीच ठेवून ते बोलले, आणि बोलले ते घरात बोलायचे तसे.

"प्रभू, याले लय दुखून राहिलं." ते थांबले. कोणी मान डोलवावी म्हणून नव्हे, पुढचे निघत नव्हते म्हणून. "रोशनीलेबी दुखत होतं. मी तिले बोलू दिलं नाही."

पुढे मागायचे होते. रुपरावसाठी आराम, सिंधूताईसाठी बळ, आपल्यासाठी क्षमा, सगळे क्रमाने मागायचे होते. पण सिंधूताईला वाटले की झाली प्रार्थना, आणि ती म्हणाली, "आमेन." रुपरावनेही गुंगीतच म्हटले. शेजारच्या खाटेवरचा माणूस कोण कुठल्या धर्माचा होता कोणास ठाऊक, त्यानेही हात जोडले. तीन माणसे. वसंतराव तसेच उभे राहिले आणि त्यांना स्पष्ट जाणवले की हे ऐकले गेले आहे. क्षमा मिळाली असे म्हणायची त्यांची छाती नव्हती. रोशनी परत येणार नव्हती, रुपराव बरा होईल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते, आणि आपण केले ते केलेच होते. पण ऐकले गेले होते, आणि ज्याने ऐकले तो त्यांना टाकून गेलेला नव्हता. ते खाली बसले. रडू आले तेव्हा त्यांनी रुमाल काढला नाही.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा रुपराव झोपला होता, तोंड उघडे टाकून, गाढ. सिंधूताईने दबक्या आवाजात विचारले की उद्या येता का, हे उठतील तेव्हा तुम्हाला विचारतील.

"उद्या महिन्याचा शेवटचा रविवार आहे," वसंतराव म्हणाले. "ड्यूटी बदलून घेतो, आधी चर्चला जातो. अर्धीच गोष्ट सांगून ठेवली आहे तिथं, ती पुरी करतो. मग येतो." बोलता बोलता त्यांना ते बाक दिसले, त्या म्हाताऱ्या बायका दिसल्या. तिथून ते कोणत्या तोंडाने बाहेर पडतील हे त्यांना ठाऊक नव्हते.

सिंधूताईने त्यांच्याकडे नीट पाहिले. रागावलेली होती ती अजून, ते डोळ्यांत होतेच. तिने नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली, पिशवी उचलली.

"मंग जेवून नका येऊ," ती म्हणाली. "तुमच्या दोन पोया जास्तीच्या आनीन."